आवड कां ओसरली?

मनुष्य गेला म्हणजे आपण त्याचें सुतक धरितों. परंतु आपली एखादी आवड मेली म्हणजे तिचें सुतक कोणी धरीत नाहीं. ती कोणत्या तिथीला मेली हेंहि सांगतां येत नाहीं. ज्या पुस्तकासाठीं लहानपणीं वडिलांची नजर चुकवून रात्रीं दिवा लावला, तेंच पुस्तक पुढें फडताळांत वर्षानुवर्षें पडून राहतें. आणि एके दिवशीं धूळ झटकतांना आपल्या ध्यानांत येतें कीं, तें हातांत घेऊनहि मनांत कांहींच हलत नाहीं. असें कां व्हावें? पुस्तक तर तेंच असतें. मग बदललें कोण? आणि जी वस्तु दरसाल नवी होऊन येते, तिच्याविषयींहि असेंच झालें तर दोष कोणाचा?

या प्रश्नाचा विचार आम्ही आज ज्या उदाहरणावरून करणार आहों, तें ऐकून कित्येक वाचकांस हंसूं येईल. छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेल्या, शब्दरूपावलींत ज्याचे केस पांढरे झाले अशा मास्तरानें अमेरिकेंतील एका हलत्या व्यंगचित्रमालिकेवर लिहावें, हें विपरीतच दिसतें. परंतु कोणास कशाची आवड लागावी याला शास्त्र नाहीं. 'दि सिम्पसन्स' ही मालिका आम्हांस लागली, आमच्या साऱ्या घराला लागली, आणि मग हळूहळू सुटली. ती कशी लागली व कां सुटली, हें शक्य तितक्या प्रामाणिकपणें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

इ. स. २००२ च्या दिवाळींत आमचा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला. तो आमच्याहून अकरा वर्षांनीं लहान. वडील लौकर गेल्यामुळें त्याचा अभ्यास आम्हींच घेतला, फीचे पैसेहि आम्हींच भरले. आणि शिकून तो परदेशीं गेल्यावर, अशा भावांचें पुष्कळदां होतें तेंच आमचें झालें. महिन्यांतून एकदां दूरध्वनि यावा, आईची प्रकृति, तिकडची थंडी, इकडचा पाऊस एवढें बोलणें व्हावें, आणि मग दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें कांहीं उरूं नये. त्या दिवाळींत त्यानें सामानांतून दोन पेट्या काढून आमच्यापुढें ठेविल्या. आंत चकचकीत तबकड्या होत्या. 'दादा, ही मालिका तुम्हांला आवडेल. घरांतल्या माणसांची आहे,' एवढेंच तो म्हणाला. त्या पेट्या म्हणजे मालिकेचे पहिले दोन हंगाम. अमेरिकेंत अशा मालिका शरद् ऋतूंत सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं थांबतात. त्या एका आवर्तनास तिकडे हंगाम म्हणतात.

त्या वेळीं आमच्या घरीं एका छपराखालीं सात माणसें नांदत होतीं: आमच्या मातोश्री, आम्ही उभयतां, मधला भाऊ व भावजय, आमचा चिरंजीव आणि पुतणी. चिरंजीव दहा वर्षांचा, पुतणी आठांची. आणि योग असा कीं, मालिकेंतील थोरला मुलगा बार्ट दहाच वर्षांचा आणि त्याची बहीण लिसा आठच वर्षांची! शनिवारीं रात्रीं जेवणें उरकलीं, भांडीं घासून पालथीं पडलीं, म्हणजे एक भाग लावावयाचा, असा नेम पडला. आई भिंतीला टेकून माळ ओढीत बसे. तिला इंग्रजी येत नसे, म्हणून पडद्यावर काय चाललें आहे तें सांगण्याचें संजयाचें काम आमच्याकडे आलें. एक विनोद मराठींत सांगेपर्यंत पुढचे दोन निघून जात. मग मुलें ओरडत, आम्ही यंत्र थांबवीत असूं, आणि बावीस मिनिटांच्या भागाला तास लागे. त्या तासाची सर पुढें कशालाहि आली नाहीं.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडी माहिती देतों. मॅट ग्रेनिंग या व्यंगचित्रकारानें निर्मिलेलीं हीं पात्रें १९ एप्रिल १९८७ रोजीं ट्रेसी उलमन या नटीच्या कार्यक्रमांत चिमुकल्या चुटक्यांच्या रूपानें प्रथम लोकांपुढें आलीं. पुढें जेम्स ब्रूक्स व सॅम सायमन यांच्या साहाय्यानें त्यांची अर्ध्या तासाची स्वतंत्र मालिका झाली, आणि तिचा पहिला भाग १७ डिसेंबर १९८९ रोजीं फॉक्स वाहिनीवर दाखविला गेला. माणसांचा रंग हळदीसारखा पिवळा, हाताला बोटें चार. स्प्रिंगफील्ड नांवाच्या गांवीं अणुवीजकेंद्रांत नोकरी करणारा आळशी, खादाड पण प्रेमळ होमर, त्याची सोशीक पत्नी मार्ज, व्रात्य बार्ट, हुशार लिसा आणि तोंडांतील चोखणी न काढणारी तान्ही मॅगी, असें हें कुटुंब. पहिल्याच भागांत नाताळच्या तोंडावर होमरचा बोनस बुडतो. तो बायकोला कांहीं सांगत नाहीं. दुकानांत नाताळबाबाचें सोंग घेऊन उभा राहतो, मिळालेले चार पैसे कुत्र्यांच्या शर्यतींत घालवितो, आणि शेवटीं शर्यतींत हरलेलें, मालकानें हांकून दिलेलें कुत्रेंच घरीं घेऊन येतो. घरचीं माणसें त्यालाच नाताळची भेट समजतात. दिवाळीपूर्वीं पगार लांबला म्हणजे शिक्षकाच्या घरीं काय होतें, हें आम्हांस ठाऊक होतें. भाग संपल्यावर आई म्हणाली, 'रंग पिवळा आहे रे, पण माणसें आपल्यासारखींच दिसतात.'

आम्हां मास्तराला मात्र पकडलें तें दुसऱ्या हंगामानें. ११ ऑक्टोबर १९९० रोजीं प्रथम दाखविलेल्या त्याच्या पहिल्या भागांत बार्ट वारंवार नापास होतो, आणि त्याला चौथींतच ठेवावें असें ठरूं लागतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं तो देवाजवळ अभ्यासाला आणखी एक दिवस मागतो. सकाळीं एवढें बर्फ पडतें कीं शाळा बंद राहते. सारें गांव बर्फांत खेळत असतें, आणि लिसानें रात्रींच्या प्रार्थनेची आठवण दिल्यामुळें हा एकटा घरांत पुस्तक घेऊन बसतो. इतकें करूनहि त्याला गुण मिळतात एकोणसाठ. हवे असतात साठ. तेव्हां तो मुलगा रडूं लागतो. आपण खरोखरीच अभ्यास केला होता, हेंच त्याचें दुःख असतें. रडतां रडतां तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७५४ मधील एका पराभवाचा दाखला देतो, आणि तो ऐकून बाई एक गुण वाढवितात. त्या रात्रीं आम्हांस लौकर झोंप आली नाहीं. मन लावून वाचून एका गुणानें गेलेले आमच्या वर्गांतील चार मुलगे आठवले. त्यांतील दोघांना तो एक गुण आम्हीं दिला नव्हता.

त्याच हंगामांत, २५ एप्रिल १९९१ च्या भागांत, लिसाच्या वर्गावर थोड्या दिवसांसाठीं बर्गस्ट्रॉम नांवाचा एक बदली शिक्षक येतो. आपल्या हुशारीला कोणी विचारीत नाहीं अशा त्या पोरीला आयुष्यांत प्रथमच कोणी तरी समजून घेतें. आणि थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या शाळेकडे निघून जातो. ती धांवत स्टेशनवर जाते. तो तिच्या हातांत एक चिठ्ठी ठेवतो आणि गाडी सुटते. चिठ्ठींत उपदेश नसतो, सुभाषित नसतें. तिच्या स्वतःच्या नांवापलीकडे त्यांत जवळ जवळ कांहींच नसतें. आमची पुतणी गप्प बसली होती. आईनें माळ थांबवून विचारलें, 'मास्तर परत येतो का रे?' आम्ही म्हणालों, 'येईल पुढें.' तो येतो कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नव्हतें. परंतु तिची माळ पुढें सरकेना, म्हणून तसें म्हटलें.

पुढें भाऊ येतांना आणखी पेट्या आणूं लागला. चौथ्या हंगामांतील एका भागांत होमरच्या वृद्ध वडिलांनीं मुलाला घर घेतां यावें म्हणून स्वतःचें राहतें घर विकलें, आणि तीनच आठवड्यांत त्यांची रवानगी वृद्धाश्रमांत झाली, ही गोष्ट केवळ विनोद म्हणून येते. मुलें हंसलीं; आई हंसली नाहीं. सहाव्या हंगामांत, २२ जानेवारी १९९५ च्या भागांत, घरच्या चित्रसंग्रहांत तान्ह्या मॅगीचीं छायाचित्रें कां नाहींत याचा उलगडा आहे. होमरनें कंटाळवाणी नोकरी सोडून मनासारखें काम धरिलें होतें. परंतु तिसरें मूल होणार असें कळल्यावर तो पुन्हां जुन्या धन्यापुढें गुडघ्यांवर आला. धन्यानें त्याच्या टेबलासमोर एक पाटी लाविली: तूं येथेंच कायमचा आहेस, अशा अर्थाची. होमरनें त्या पाटीवर मॅगीचीं सारीं छायाचित्रें अशा बेतानें चिकटविलीं कीं, उरलेल्या अक्षरांतून 'तिच्यासाठीं कर' एवढाच अर्थ निघावा. कुटुंबासाठीं न आवडणाऱ्या खुर्चीवर बसलेल्या कोणत्याहि गृहस्थास हें चित्र समजावून सांगावें लागत नाहीं.

या मालिकेनें आम्हां भावांनाहि पुन्हां बोलतें केलें. दूरध्वनीवर आतां पावसाऐवजीं होमरच्या गोष्टी निघत. 'दादा, आईला अमका भाग कसा सांगितलात?' असें तो विचारी, आणि आम्ही सांगत असूं. घड्याळाकडे पाहण्याची आठवण आम्हां दोघांसहि राहत नसे.

आणि मग ओहोटी लागली. ती केव्हां लागली हें पाहूं गेल्यास एक लहानशी खूण सांगतां येईल. पूर्वी पाणी प्यावयास उठणारा मुलगा 'थांबवा, थांबवा' म्हणून ओरडे. इ. स. २००८ मध्यें भावानें नववा व दहावा हंगाम आणिला, तेव्हां चिरंजीव उठतांना म्हणूं लागला, 'चालूं द्या, येतोंच मी.' आणि तो येत नसे. त्याला सोळावें लागलें होतें, पुतणीला चौदावें. बार्ट मात्र दहाच वर्षांचा होता.

परंतु मुलें मोठीं झालीं एवढेंच कारण म्हणावें, तर आम्ही कोठें लहान होतों? आमचेंहि मन लागेना. नवव्या हंगामांत, २८ सप्टेंबर १९९७ च्या भागांत, असें दाखविलें कीं, इतकीं वर्षें शाळेचे मुख्याध्यापक म्हणून वावरणारे स्किनर हे स्किनर नव्हतच. ते आर्मिन टॅमझेरियन नांवाचे तोतये आहेत. खरा स्किनर व्हिएटनामच्या युद्धानंतर इतक्या वर्षांनीं परत येतो. गांवाला तो आवडत नाहीं, म्हणून त्याला खुर्चीला बांधून आगगाडीवर चढवून देतात, आणि या प्रकरणाचा पुन्हां कोणीं उच्चारहि करूं नये असा हुकूम न्यायाधीश सोडतात. स्किनरला आवाज देणारे नट हॅरी शिअरर यांनींहि या भागावर उघड टीका केली. कोणी म्हणेल, व्यंगचित्रांत तोतया निघाला तर मास्तराला एवढें कां लागावें? लागण्याचें कारण तोतयेपण नव्हे. ज्या माणसावर आठ हंगाम विश्वास ठेविला तो खोटा निघाला, आणि त्याचें कोणालाच कांहीं वाटलें नाहीं, हें खरें कारण. पहिल्या हंगामांत बुडालेला बोनस सबंध भागभर दुखत होता. येथें एक सबंध आयुष्य बुडालें आणि दुसऱ्या आठवड्यांत सारें पूर्ववत्.

पुढें हीच रीत झाली. होमर पूर्वी चुकत असे आणि चुकीनें शरमत असे. आतां तो नुसताच अचाट वागूं लागला. शेजारी नेड फ्लँडर्स हा आरंभीं एक सज्जन गृहस्थ होता. त्याची धार्मिकता हा त्याच्या सज्जनपणाचा एक भाग होता. हळूहळू तो भागच सगळा फ्लँडर्स होऊन बसला. एखाद्या पात्राचा एकच गुण फुगवीत नेऊन बाकीचा माणूस नाहींसा करणें, याला इंग्रजींत या फ्लँडर्सच्याच नांवावरून शब्द रूढ झाला आहे. दुकानदार अपू हा हिंदी मनुष्य. त्याच्या इंग्रजीच्या हेलावर तर आरंभापासूनच हंसें होतें, आणि आम्हीहि त्या हंशांत सामील होतों. त्या हेलाचा अमेरिकेंत वाढणाऱ्या हिंदी मुलांस काय जाच होतो, हें हरि कोंडाबोलू या हिंदी वंशाच्या विनोदकारानें २०१७ सालीं एका माहितीपटांत मांडिलें. अपूला आवाज देणारे हँक अझारिया यांनीं २०२० सालीं तें काम सोडलें. आम्हांस आमच्याच जुन्या हंशाची थोडी लाज वाटली, हें येथें नमूद केलें पाहिजे.

नवव्या शतकांत काश्मीरांत झालेल्या आनंदवर्धनाचार्यांनीं 'ध्वन्यालोक' ग्रंथांत रसाला बाधक होणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांपैकीं एक अशी कीं, रस पूर्ण परिपोषास पोंचल्यावरहि त्यालाच पुनःपुन्हां चेतवीत बसणें. एकदां उपभोगलेल्या रसाला वारंवार हात लावला तर तो कोमेजलेल्या फुलासारखा होतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. आम्हीं हें प्रकरण कितीदां तरी वाचलें होतें; परंतु त्याचा अर्थ नवव्या हंगामाच्या तबकडीनें समजाविला.

आतां पूर्वपक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. एका हंगामांत वीस-बावीस भाग लिहावयाचे, तेहि दरसाल, ही सामान्य गोष्ट नव्हे. सॅम सायमन १९९३ सालींच मालिकेंतून बाहेर पडले. आरंभींचे कित्येक लेखकहि पांगले. ज्या धीटपणानें या मालिकेनें लोकांस चकित केलें, तो धीटपणा १९९७ मध्यें 'साउथ पार्क' आणि १९९९ मध्यें 'फॅमिली गाय' या मालिकांनीं उचलला, आणि मूळचें नवेपण नवें उरलें नाहीं. शिवाय मालिका लोकांस नकोशी झाली असेंहि नाहीं. २९ एप्रिल २०१८ रोजीं ६३६ वा भाग दाखवून तिनें भागसंख्येंत 'गनस्मोक' ही जुनी मालिका मागें टाकिली, आणि २०२५ सालीं तिला चाळिसाव्या हंगामापर्यंत मुदतवाढ मिळाली. अलीकडच्या हंगामांत पुन्हां जीव आला आहे असें म्हणणारे समीक्षकहि आहेत. तेव्हां दोष सगळा मालिकेचा, असा निकाल देणें सोपें असलें तरी न्यायाचें नव्हे.

आम्ही मात्र तसा निकाल देऊन मोकळे झालों होतों. इतक्यांत एका पेन्सिलीच्या रेघेनें आमची फजिती केली.

संस्कृतांत द्विवचन शिकवितांना आमचा एक ठराविक विनोद असे. 'घरांत नवराबायको असतात तें द्विवचन. सासूबाई राहावयास आल्या कीं झालें बहुवचन!' नोकरीच्या दुसऱ्या वर्षीं हा विनोद सुचला, तेव्हां वर्ग खदखदून हंसला होता. तेव्हांपासून दर जूनांत आठवीच्या वर्गावर आम्ही तो सोडीत असूं. इ. स. २००८ च्या जूनांत आम्हीं पुढच्या बांकावरील एका मुलाचें व्याकरणाचें पुस्तक सहज हातांत घेतलें. पुस्तक त्याच्या थोरल्या भावाचें. तोहि आमचाच विद्यार्थी. द्विवचनाच्या पानावर समासांत पेन्सिलीनें लिहिलें होतें: 'येथें सर सासूचा विनोद करतात. हंसावें.'

थोरल्या भावानें धाकट्यासाठीं ठेविलेली ती सूचना वाचून आम्हीं पुस्तक मिटलें आणि परत दिलें. त्या दिवशीं विनोद केला नाहीं. वर्गानें वाट पाहिली असावी. दोघेतिघे तयारीनें आमच्या तोंडाकडे पाहत होते.

घरीं येतांना एक गोष्ट लख्ख दिसली. बार्ट दहा वर्षांचा राहिला, याचें आम्हांस नवल वाटत होतें. परंतु आमचा वर्ग तरी कोठें मोठा झाला होता? दर जूनांत दारांतून आंत येणारीं मुलें तेरा वर्षांचींच असत. सत्तावीस वर्षें आमच्यापुढें तेरा वर्षांचीं मुलें बसलीं होतीं, आणि त्यामुळें आम्हांस वाटत होतें कीं काळ थांबला आहे, विनोद ताजा आहे. तीं हंसत होतीं हें खरें; पण तें हंसें थोरल्या भावाच्या शिफारशीनें येत होतें. मालिकेच्या लेखकांचेंहि असेंच झालें असेल. पुढें नेहमीं दहा वर्षांचा मुलगा, मागें हंगामाची मुदत, आणि तास तर भरलाच पाहिजे. त्या दिवसापासून आम्हांस त्यांचा राग येईनासा झाला. आवड मात्र परत आली नाहीं. उरलेल्या नऊ वर्षांत आम्हीं द्विवचन निरनिराळ्या रीतींनीं शिकवून पाहिलें. कांहीं साधल्या, कांहीं साफ फसल्या. फसलेल्या तासांचें वाईट वाटे. पण मुलें निदान खरोखरीच कंटाळत, लिहून ठेविल्याप्रमाणें हंसत नसत.

इतकें उमगूनहि एक गोष्ट आमच्यानें झाली नाहीं. भावाला सांगवेना. त्यानें विचारावें, 'दहावा हंगाम पाहिलात का, दादा?' आणि आम्हीं म्हणावें, 'पाहिला. छान आहे.' वस्तुतः दहाव्या पेटीचें वेष्टनहि निघालें नव्हतें. इ. स. २०१० मध्यें त्यानें अकरावा व बारावा आणिला. त्या पेट्या दहाव्यावर ठेविल्या. मालिका आतां आवडत नाहीं असें सांगितलें, तर त्याला काय ऐकूं येईल? आम्हांस भीति वाटे कीं, त्याला ऐकूं येईल: आतां तुझ्याशीं बोलावयाचें कांहीं उरलें नाहीं. २०११ मध्यें आई गेली. त्यानंतर तर आमच्यामध्यें ही मालिका आणि श्राद्धाची तिथि, एवढ्याच दोन गोष्टी राहिल्या असें वाटूं लागलें.

इ. स. २०२० च्या उन्हाळ्यांत टाळेबंदी झाली. चिरंजीवानें घरबसल्या सारे हंगाम पाहण्याची सोय करून दिली, आणि आपल्या खोटेपणाचें परिमार्जन करावें म्हणून आम्ही नेटानें पुढचे भाग पाहूं लागलों. २७ जानेवारी २००८ च्या एका भागांत होमर आणि मार्ज यांचें तरुणपण १९९० नंतरच्या दशकांत गेल्याचें दाखविलें आहे. परंतु १९९१ सालच्या भागांत तीं दोघें शाळेच्या शेवटच्या वर्षीं, १९७४ सालीं, प्रथम भेटलीं होतीं, आणि तें आम्हीं आईला सविस्तर सांगितलें होतें! मुलांचें वय थांबविलें कीं आईबापांची जन्मकथाच उचलून पुढें सरकवावी लागते. आमच्या शनिवारच्या रात्रींवर जणूं कोणी बोळा फिरविला. उलट, ११ डिसेंबर २०११ च्या एका भागांत बार्ट व लिसा मोठीं झालेलीं, स्वतःच्या पोरांनीं हैराण झालेलीं दाखविलीं आहेत. जुन्या झाडावरच्या खोलींत बसून तीं दोघें भावंडें आपल्या संसाराचें रडगाणें गातात. तो भाग मात्र आम्हीं दोनदां पाहिला. कारण त्यांत एकदां तरी तीं मुलें मोठीं झालीं होतीं.

त्या दिवसांत भावाचा दूरध्वनि रोज येई. तिकडे साथीनें कहर केला होता, आणि बोलतांना त्याचा आवाज बारीक झालेला कळे. एकदां धीर करून आम्ही म्हणालों, 'अरे, खरें सांगूं? नवव्या हंगामानंतर मला ती मालिका आवडली नाहीं. पेट्या तशाच पडल्या आहेत.'

पलीकडे कांहीं क्षण शांतता. मग तो एवढ्या मोठ्यानें हंसला कीं आमच्या घरांतून माणसें बाहेर आलीं. 'दादा, मी २००५ पासून ती पाहिलीच नाहीं. तुम्हांला आवडते म्हणून पेट्या आणीत होतों. तुम्ही छान म्हणालांत कीं मीहि छान म्हणत असें.'

पंधरा वर्षें आम्हीं दोघांनीं एकमेकांसाठीं एक नावडती वस्तु चालू ठेविली होती. मोठमोठ्या मालिका इतके हंगाम कां चालतात, याचें एक कारण आम्हांस त्या रात्रीं कळलें असें वाटतें. दाखविणाऱ्याला वाटतें पाहणाऱ्याला हवी आहे. पाहणाऱ्याला वाटतें एवढ्या मायेनें कोणी आणून देतो आहे तर नको कसें म्हणावें. 'पुरे' हा शब्द पहिल्यानें कोणी उच्चारावयाचा, एवढाच प्रश्न असतो; आणि तो उच्चारला तर ज्याची आपण भीति धरितों तें बहुधा होत नाहीं. आम्ही त्या दिवशीं जितका वेळ बोललों, तितका त्यापूर्वींच्या दहा वर्षांत बोललों नव्हतों.

पुढच्या शनिवारीं आम्हीं एक बेत केला. इकडे रात्रींचे नऊ, तिकडे सकाळचे साडेअकरा. पुतणी बंगळुरास अडकली होती, तिलाहि बरोबर घेतलें. दुसऱ्या हंगामांतील तो बदली शिक्षकाचा भाग तिघांनींहि एकाच वेळीं लावला. स्टेशन आलें, चिठ्ठी आली, गाडी हलली. तिघेंहि गप्प होतों. मग भाऊ म्हणाला, 'दादा, येथें आईनें कांहीं तरी विचारलें होतें असें तुम्हीं मला सांगितलें होतें. काय तें?'

आम्हीं सांगितलें, 'मास्तर परत येतो का, असें विचारलें होतें. मी येईल म्हणालों.'

'मग आला का?'

गाडी पडद्यावरून दिसेनाशी झाली होती. आम्ही म्हणालों, 'नाहीं आला रे. न आला तेंच बरें झालें.'